माटुंगा वर्कशॉपच्या सुताराचा रंधा: बारा पावसाळ्यांनंतर

माझ्या आईचे वडील, म्हणजे अण्णा, मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये सुतार होते. डब्यांच्या दुरुस्तीचं काम. तिसऱ्या आणि नंतर दुसऱ्या वर्गाची लाकडी बाकं त्यांच्या हाताखालून जायची. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना (१९७७-७९) दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर दोन इंच फोम आला, तेव्हा अण्णांना मनापासून आनंद झाला होता, असं आई सांगते. रात्रभर फळीवर बसणाऱ्या माणसांची पाठ त्यांना माहीत होती.

वर्कशॉपची अवजारं वर्कशॉपातच राहायची. हा रंधा मात्र त्यांनी स्वतःच्या पगारातून, चोरबाजारातून जुनाच विकत घेतला होता. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ कंपनीचा, ०४ क्रमांकाचा. निळा रंग आता कोपऱ्यांतच उरलाय. ब्लेडवर ‘टंगस्टन स्टील’ हा शिक्का भिंगातून वाचता येतो. मागच्या लाकडी मुठीवर अण्णांनी पटाशीने आपल्या नावाची दोन अक्षरं कोरली आहेत, आणि ती अक्षरं माझ्या तळहाताला नेमकी अंगठ्याखाली लागतात.

बारा वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या मुलुंडच्या घरातला मागच्या खोलीचा सागवानी दरवाजा चौकटीत घट्ट अडकला. सुतारकाका म्हणाले, ‘ताई, आठ दिवस तरी लागतील.’ म्हणून आईकडे जाऊन माळ्यावरची अण्णांची अवजारांची पेटी काढली. रंध्यावर गंजाचा थर होता. आधी रॉकेलने पुसला, मग लोखंडी भाग व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले, सकाळी घासून, धुऊन लगेच कोरडे केले आणि शिलाई मशीनचं तेल लावलं. खोबरेल लावू नका. काही महिन्यांत ते चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते.

खरं काम धारेचं. जुन्या रंध्याला ‘चालत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ब्लेड कधी धार लावून पाहिलेलंच नसतं. ब्लेडची सपाट पाठ आधी दगडावर सरळ करायची, निदान टोकाजवळची. मग उतार साधारण २५ अंशांचा आणि अगदी धारेशी ३० अंश. पाठीच्या बाजूने बोटाला खरखर लागली की धार टोकापर्यंत पोचली. ती खरखर काढून शेवटी चामड्यावर ओढायचं. मला पहिल्या वेळी अख्खा रविवार लागला. आता वीस मिनिटं पुरतात.

ब्लेडवर एक दुसरी लोखंडी पट्टी बसते. तिचं टोक धारेच्या किती जवळ आहे यावर सगळं ठरतं. लांब ठेवली की सागवानाचे उलटे रेषे उपटले जातात. धारेपासून मिलिमीटरच्या आत आणली की साल उचलल्या उचलल्या वाकते आणि पृष्ठभाग काचेसारखा येतो. मागच्या छोट्या दांडीने ब्लेड डावी-उजवीकडे सरळ होतं, पितळी चाकाने आत-बाहेर. ही रचना लिओनार्ड बेली या अमेरिकन अवजार-कारागिराची, एकोणिसाव्या शतकातली, आणि ‘स्टॅन्ली’ या दुसऱ्या कंपनीचं दोन इंची नवं ब्लेड माझ्या रेकॉर्डमध्ये आजही बसतं. दीडशेहून जास्त वर्षांनी सुटा भाग मिळणारं दुसरं काही माझ्या घरात नाही.

मध्ये एकदा मी ऑनलाइन नवा रंधा मागवला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. तळ सपाट नव्हता, पट्टी ब्लेडला नीट टेकत नव्हती, चाक अर्धा फेरा रिकामंच फिरायचं. परत केला.

दरवाजाच्या बाबतीत एक शिकले ते सांगते. फुगलेला दरवाजा जुलैत मोकळा होईपर्यंत तासला तर डिसेंबरात फट पडते. म्हणून जिथे घासल्याची खूण दिसते तिथेच, तीन-चार साली काढून थांबायचं. वरच्या टोकाला लाकडाचे रेषे उभे येतात. तिथे एका बाजूने सरळ रंधा मारला तर शेवटचा कोपरा तुटतो. दोन्ही कडांकडून मध्याकडे यायचं.

अडचणीही आहेत. रंधा पावणेदोन किलोच्या आसपास आहे. दरवाजा चौकटीतच ठेवून वरची कड तासायची तर खांदे भरून येतात. मूठ मध्ये तडकली होती, ती चिकटवून घेतली. आणि मुंबईत आता बहुतेक फर्निचर प्लाय आणि सनमायकाचं. त्यावर हा रंधा चालवू नका, प्लायमधला गोंद धार दहा मिनिटांत खाऊन टाकतो. पेटीतली करवत मी वापरत नाही, तिचे दात लावणारं कुणी सापडलं नाही. पटाशी मात्र रोजची.

आमच्या दमट हवेत पेटीत कापराच्या वड्या ठेवते, आणि काम झालं की लगेच तेलाचं फडकं. आई ऐंशी ओलांडली तरी रंधा बाहेर दिसला की आतून हाक मारते, ‘आधी हात धू गं.’ अण्णांचा नियम. घामाच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबडे होऊन लोखंडावर उमटतात, हे मी स्वतः पाहिलंय.

ज्यांच्या घरी असा वारसा नाही त्यांनी शुक्रवारी पहाटे चोरबाजारात शोधावा. गंजाला घाबरू नका. ब्लेड काढून तळ उजेडाकडे धरा आणि ज्या फटीतून ब्लेड बाहेर येतं तिचे दोन्ही कोपरे बघा. ओतीव लोखंड खाली पडलं की तडा तिथून जातो. तडा दिसला तर विक्रेता कितीही खाली आला तरी घेऊ नका.