स्ट्रक्ट घ्यावा की क्लास? हळदीच्या पट्टीवरून एक तुलना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी काही वर्षांपूर्वी पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं, सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत. हळदीचा सौदा झाला की पोती काट्यावर चढायची, प्रत्येकाचं भरलेलं वजन टाकायचं, प्रोग्रॅमने बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायचं आणि निव्वळ वजनावर पट्टी छापायची. एका गोष्टीची माहिती एकत्र बांधायला सी शार्पमध्ये दोन साचे असतात, स्ट्रक्ट आणि क्लास. 'पोतं' हा मी स्ट्रक्ट केला होता आणि पोती ठेवली होती ॲरेमध्ये, म्हणजे ठरलेल्या लांबीच्या रांगेत. एक हंगाम विनातक्रार गेला. मग पोती किती येतील याचा आधी अंदाज लागत नाही म्हणून ॲरे काढून तिथे हवी तशी वाढणारी लिस्ट घातली. कंपायलर (लिहिलेला कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) चकार शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पट्ट्यांत बारदान वजाच झालं नव्हतं! शेतकऱ्यांची तक्रार यायचं कारणच नव्हतं. खरेदीदाराच्या दिवाणजींनी पकडलं.

चूक माझीच होती. ॲरेतलं नववं पोतं म्हणजे मेमरीतली प्रत्यक्ष ती जागा. लिस्टकडे नववं पोतं मागितलं, तर ती त्या स्ट्रक्टची प्रत काढून हातात देते. माझी वजाबाकीची मेथड (साच्यातच लिहिलेला कामाचा कोड) त्या प्रतीवर चालली आणि प्रत तिथल्या तिथे विरून गेली. लिस्टमधल्या पोत्याच्या वजनाला मी थेट नवा आकडा दिला असता, तर कंपायलरने अडवलं असतं; मेथडच्या आडून बदल केला म्हणून सुटलं. पोतं क्लास असतं तर ॲरे काय नि लिस्ट काय, दोन्हीकडून मूळ पोत्याचा पत्ताच मिळाला असता.

सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने खाडाखोड केली म्हणून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद बदलत नाही. सी शार्पमधला स्ट्रक्ट म्हणजे ही झेरॉक्स: एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात टाकला, मेथडला दिला, की नवी प्रत. क्लासच्या बाबतीत व्हेरिएबलमध्ये असतो तो दप्तराचा पत्ता. पत्ता दहा जणांकडे असला तरी दप्तर एकच, आणि एकाने नोंद फिरवली की बाकीच्या नऊ जणांनाही फिरलेलीच दिसते. कधी हेच हवं असतं, कधी यानेच घात होतो.

पण हे सी शार्पचं झालं. 'स्ट्रक्ट की क्लास' असं विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो, भाषा कोणती? (विश्रामबागेत नुसतं 'कुठला क्लास?' विचारलं तर लोक ट्यूशनचं नाव सांगतात, ते वेगळं.)

सी प्लस प्लसमध्ये हा फरक जवळजवळ शिष्टाचाराचा आहे. स्ट्रक्टचे सदस्य, म्हणजे त्याच्या आतल्या गोष्टी, सांगितल्याशिवाय पब्लिक (बाहेरूनही वापरता येणारे), क्लासचे प्रायव्हेट (फक्त आतून), इनहेरिटन्सचंही, म्हणजे एका साच्याने दुसऱ्याकडून घेतलेल्या वारशाचंही, तसंच. बाकी कन्स्ट्रक्टर (वस्तू तयार होताना चालणारा कोड), व्हर्च्युअल फंक्शन, सगळं दोघांनाही चालतं. याचं मूळ इतिहासात आहे. सी प्लस प्लसचे जनक बियार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी 1979 मध्ये बेल लॅब्जमध्ये 'सी विथ क्लासेस' म्हणून काम सुरू केलं, तेव्हा सीमधला स्ट्रक्ट आधीपासून होता आणि जुना सी कोड मोडायचा नव्हता. सीमधल्या स्ट्रक्टला मेथड नसतात, नुसती माहिती एका गाठोड्यात बांधलेली असते. सी प्लस प्लसने त्या गाठोड्यालाच हातपाय दिले.

जावा किंवा सी शार्पकडून सी प्लस प्लसकडे येणारे हमखास फसतात ते इथे: या भाषेत क्लासची वस्तूसुद्धा असाइन केली की प्रतच निघते. शेअर करायची असेल तर पॉइंटर किंवा रेफरन्स तुम्हालाच लिहावा लागतो. मग निवडायचं कशावरून? सी प्लस प्लस कोअर गाइडलाइन्सचा नियम मला पटतो: सदस्य एकमेकांशी न बांधता सुटे बदलू शकत असतील तर स्ट्रक्ट, त्यांच्यात कायम पाळायचं नातं असेल तर क्लास. पोत्याचं वजन आणि हळदीचा ओलावा हे आकडे सुटे आहेत, म्हणून स्ट्रक्ट. भरलेलं वजन, बारदान आणि निव्वळ वजन यांचा हिशेब मात्र कधीच तुटता कामा नये, म्हणून क्लास, आणि आतले आकडे प्रायव्हेट.

परत सी शार्पकडे येतो, कारण पेच खरा तिथे आहे. मुलाखतीला बसलेली मुलं एक उत्तर पाठ करून येतात: स्ट्रक्ट स्टॅकवर (मेथड संपली की मोकळ्या होणाऱ्या मेमरीत), क्लास हीपवर (त्यानंतरही टिकणाऱ्या मेमरीत). अर्धंच खरं आहे. क्लासच्या आत फील्ड म्हणून ठेवलेला स्ट्रक्ट त्या वस्तूबरोबर हीपवरच राहतो, आणि स्ट्रक्टचा ॲरेही हीपवरच असतो. फरक जागेपेक्षा मांडणीत जास्त आहे. समजा, वजन आणि ओलावा असे दोन डबल (8 बाइटचे दशांश आकडे) आहेत, म्हणजे 16 बाइट. अशा 1 लाख नोंदींचा स्ट्रक्टचा ॲरे साधारण 16 लाख बाइट घेतो, एकाला एक लागून. हेच क्लास केलं तर 64 बिट डॉटनेटमध्ये, म्हणजे सी शार्प ज्यावर चालते त्या प्लॅटफॉर्मवर, प्रत्येक वस्तूला वर 16 बाइटचा खर्च आणि ॲरेत पत्त्याचे 8, म्हणजे नोंदीमागे 40 बाइट आणि एकूण 40 लाख. शिवाय गार्बेज कलेक्टरला (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेला) लाखभर वस्तू मोजाव्या लागतात, त्या वेगळ्या.

हे वाचून सगळंच स्ट्रक्ट करायला धावू नका. मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे की स्ट्रक्ट 16 बाइटच्या आत असावा, त्याने एकच किंमत (व्हॅल्यू) दाखवावी आणि एकदा तयार झाला की तो बदलू नये. मोठा स्ट्रक्ट दर वेळी कॉपी होत राहिला की वाचवलेलं सगळं त्यातच जातं. इंटरफेसच्या (कोणत्या मेथड असायलाच हव्यात त्या यादीच्या) व्हेरिएबलमध्ये टाकला की तो बॉक्स होतो, म्हणजे हीपवर त्याची आणखी एक प्रत. दुसऱ्या स्ट्रक्टकडून किंवा क्लासकडून वारसा घेता येत नाही, इंटरफेस मात्र राबवता येतो. आणि नवा ॲरे केला की त्यातले स्ट्रक्ट कन्स्ट्रक्टर न चालवता थेट शून्यांनी भरतात. तारीख हाही स्ट्रक्टच. त्यामुळे भरायची राहिलेली तारीख कोरी दिसत नाही, पट्टीवर 01-01-0001 छापून येते. तेव्हा यार्डात हळद होती का, हे दिवाणजींना विचारायचं राहिलं.

ॲपलने 2014 मध्ये आणलेल्या स्विफ्टमध्ये कौल उलटा आहे. तिथे स्ट्रिंग, ॲरे, डिक्शनरी हे सगळे स्ट्रक्ट आहेत आणि ॲपल स्वतःच सांगते की सुरुवात स्ट्रक्टने करा. मोठा ॲरे असाइन केल्याबरोबर कॉपी होत नाही, बदल करायची वेळ आली तरच होते. आणि ॲरेतल्या स्ट्रक्टवर बदलणारी मेथड चालवली तर ती जागेवरच बदल करते, म्हणजे माझी बारदानाची चूक स्विफ्टमध्ये झालीच नसती. क्लास घ्यायचा तो वारसा हवा असेल किंवा एकच वस्तू अनेकांनी वापरायची असेल तेव्हा.

गो आणि रस्टमध्ये क्लास नाहीच, त्यामुळे प्रश्नही नाही. जावामध्ये स्ट्रक्ट नाही. जावा 16 मध्ये पक्का झालेला रेकॉर्ड कुणी 'जावाचा स्ट्रक्ट' म्हणून दाखवतात, पण व्हेरिएबलमध्ये तिथेही पत्ताच असतो.

तरीही मन ठरत नसेल, तर मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना विचारतो: दोन नोंदींतली सगळी माहिती तंतोतंत सारखी निघाली, तर त्या एकच मानायच्या का? मिरजेच्या एकाच कारागिराने एकाच मापाच्या दोन सतारी केल्या तरी त्या दोन सतारी. पण पाचशे रुपये ही रक्कम कुणाच्याही वहीत पाचशेच. सतार क्लास, रक्कम स्ट्रक्ट. सी शार्पमध्ये इक्वल्स ही मेथडही मुळात तशीच वागते: स्ट्रक्टच्या किंमती ताडून बघते, क्लासची ओळख.

या फूटपट्टीने माझं पोतंसुद्धा क्लासच निघतं. पन्नास-पन्नास किलोची दोन पोती म्हणजे एक पोतं नव्हे. नाही तर दिवाणजी दोनदा फोन करतील. आता त्या प्रोग्रॅममध्ये पोतं, लॉट आणि शेतकरी हे क्लास आहेत. वजन आणि रक्कम हे तेवढे छोटे, न बदलणारे रीडओन्ली स्ट्रक्ट, आणि बारदान वजा करणारी मेथड जुनं वजन न बदलता नवं वजन परत देते.