व्हीएलसी उघडेना : अकरा महिने वापरल्यानंतर

चैत्रातल्या एका संध्याकाळी व्हीएलसी, म्हणजे माझ्या लॅपटॉपवरचा गाणी वाजवायचा प्लेअर, उघडेना. त्याच्या शंकूच्या चित्रावर डबल क्लिक केलं की माउसशेजारी निळं वर्तुळ क्षणभर फिरायचं आणि नाहीसं व्हायचं. ना खिडकी, ना एररचा एखादा शब्द. समोर क्लासची पाच मुलं तंबोरा लावून बसलेली. लॅपटॉप बंद करून सुरू केला तेव्हा चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात घरीच गाणं शिकवते. सुरसागरकाठच्या संगीत महाविद्यालयात शिकत होते तेव्हाच्या, गुरूंच्या शिकवणीच्या चाळीसेक कॅसेट माझ्याकडे आहेत. मागच्या पावसाळ्यात त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, एक्स्टर्नल डिस्कवर ठेवल्या, आणि तेव्हापासून रोज व्हीएलसी लागतो. कोणकोणते फॉरमॅट चालतात वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल. मला त्यातली एकच गोष्ट जिवापाड हवी असते : वेग कमी केला तरी सूर हलत नाही.

कॅसेट किंवा रेकॉर्ड निम्म्या वेगाने फिरवली की आवाज बरोबर एक सप्तक खाली जातो. काळी पाचच्या पट्टीत गाणाऱ्या मुलीने त्याबरोबर गायचं कसं? इथे चौकोनी कंसाची डावी कळ दाबत गेलं की भीमपलासची तान हळूहळू उलगडते, षड्ज मात्र जागचा हलत नाही. बरोबरच्या चिन्हाची कळ दाबली की पुन्हा मूळ वेग. व्ह्यू मेनूतून अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स सुरू केले की तानेचा तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा फिरवता येतो. गळा आणि हार्मोनियम अर्ध्या वेगापर्यंत छान ऐकू येतात. तबला नाही. ‘ना’ची एक थाप दोनदा वाजल्यासारखी होते, कडा फाटते. त्यामुळे तालासाठी मी पाऊण वेगाच्या खाली जात नाही. आमच्या नवव्या वर्षाच्या एका शिष्येने ‘प म ग म ग रे सा’ या जागेतला गंधार याच युक्तीने पकडला. तीन आठवडे मी तोंडाने सांगत होते, तेव्हा जमत नव्हता.

तर असा हा प्लेअर बंद पडला. रावपुऱ्यातल्या एका दुकानात लॅपटॉप नेला. त्यांनी व्हीएलसी काढून पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाकला, तिथे चालला, घरी येऊन एक दिवसाने बसला. पुन्हा गेले तर म्हणाले, “बेन, फॉर्मेट मारवुं पडशे.” म्हणजे सगळं पुसून लॅपटॉप नव्याने भरावा लागेल. सातशे रुपये, डेटा वाचवायचे वेगळे. सातशे म्हणजे एका मुलाची महिन्याची फी. आणि रोगाचं नाव न सांगता औषधाचे पैसे मागितलेले मला आवडत नाहीत. लॅपटॉप उचलून घरी आले.

एक सांगते, पेन ड्राइव्हवरची प्रत घेऊ नका. २०२२ मध्ये कित्येक महिने व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात उघडत नव्हती, नोव्हेंबरात ती पुन्हा सुरू झाली. आता तिथूनच घ्या. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी हे काम सुरू केलं, २००१ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत.

घरी आल्यावर स्टार्ट मेनू नीट पाहिला. व्हीएलसीच्याच फोल्डरमध्ये ‘रिसेट प्रेफरन्सेस अँड कॅशे फाइल्स’ असा एक शॉर्टकट असतो. प्रोग्राम काढून परत टाकला तरी आपल्या सेटिंग्ज अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये तशाच राहतात, काढताना त्या पुसायची खूण वेगळी करावी लागते. म्हणजे दुकानातल्या खटाटोपात त्यांना हातच लागला नव्हता. रिसेट केलं आणि शंकू उघडला! सेटिंग्जची फाइल बिघडली होती, अशी माझी खात्री झाली. इथपर्यंतचं मी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, ‘रिसेट करा, सुटाल.’ ते वाक्य आता मागे घेते.

आठ दिवसांनी वेगळाच प्रकार झाला. शंकूवर क्लिक केलं तर रिकामी खिडकी उघडे, पण डिस्कवरच्या रेकॉर्डिंगवर डबल क्लिक केलं तर काही नाही. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिटेल्समध्ये बघ.” पाहते तर यादीत व्हीएलसी दोनदा. एक समोरचा, आणि एक सकाळचा, खिडकी नसलेला. सकाळी गाणं चालू असताना डिस्कची वायर हलली होती. मी खिडकी बंद केली, पण तो प्लेअर डिस्ककडून उत्तराची वाट पाहत आत अडकून राहिला.

मग सगळं जुळलं. फाइलवर डबल क्लिक केलं की ती आधीच चालू असलेल्या प्लेअरकडे जावी, ही व्यवस्था मुळातच असते. त्यामुळे माझी रेकॉर्डिंग त्या अडकलेल्याच्या पदरात पडत होती. आणि रिसेटच्या आधी तर मीच ‘अलाऊ ओन्ली वन इन्स्टन्स’वर, म्हणजे एका वेळी एकच प्लेअर उघडावा यावर, टिक केलेली होती, दोन ताना एकदम वाजू नयेत म्हणून. म्हणून तेव्हा नुसता शंकूही उघडत नव्हता. रिसेटने टिक गेली, बिघाड तिथेच राहिला.

अडकलेल्यावर उजवं क्लिक करून ‘एंड टास्क’ केलं. डिस्कची वायर बदलली, मांडवीजवळ एकशे चाळीस रुपयांना मिळाली. डिस्क काढण्याआधी आता ‘इजेक्ट’ करते. सव्वा महिना झाला, एकदाही अडला नाही. टिकही परत लावली आहे.

रिसेटमध्ये मी बसवलेल्या कळा आणि आवाजाचा इक्वलायझर गेला याचं मात्र वाईट वाटतं. जुन्या कॅसेटची खरखर दाबायला तो इक्वलायझर मी दोन रविवार कानाने लावला होता. तुमचा प्लेअर उघडेना तर आधी टास्क मॅनेजर पाहा, रिसेट सगळ्यात शेवटी. आणि रिसेटच्या आधी अ‍ॅपडेटामधलं व्हीएलसीचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मी नव्याने लावलेल्या इक्वलायझरची प्रत आता त्याच डिस्कवर, कॅसेटच्या फोल्डरशेजारी आहे, आणि दुसरी भाच्याकडे.