तालुक्याचं दिव्यांग प्रशिक्षण केंद्र : पाचपैकी साडेतीन

मी दारव्हा तालुक्यातली अंगणवाडी सेविका. मुलगा 19 वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही. कायद्याने 18 वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. ते वय भरलं, दहावी झाली आणि निवासी शाळेतून पोरगा पेटी-गादी घेऊन घरी आला. पुढचं वर्षभर पऱ्हाटीतलं निंदण, बकऱ्या आणि मोबाइल. मग या केंद्राचं कळलं. तीन महिने, फी नाही, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तेवढं लागतं.

आधी वाईट सांगते. कॉम्प्युटरचे सर फळ्याकडे तोंड करून बोलतात. माझा पोरगा ओठ वाचतो, पाठ कशी वाचणार? दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मीच वर्गात जाऊन बसले तेव्हा ते वळले. मेसचं वरण म्हणजे पिवळं पाणी. एसटीत 75 टक्के सवलत आहे खरी, पण ती घ्यायला आधी एसटी यायला पाहिजे. आमच्या गावची शेवटची गाडी साडेपाचला, वर्गही साडेपाचलाच सुटतो. पंधरा मिनिटं आधी सोडा म्हणून अर्ज द्यावा लागला.

मग साडेतीन तारे कशाचे? कामावर सोबत येणाऱ्या एका सरांचे.

पोराला दालमिलमध्ये पॅकिंगचं काम लागलं. (सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे म्हणतात, आमच्यापर्यंत दालमिलच पोचली.) मालक पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, याले आयकू येत नाही, मशीन अटकली तं समजन कसं? अर्धा रोज देईन." मी गप्प. सर म्हणाले, आठ दिवस पाहा, मग रोजाचं बोलू. आणि ते खरंच पंधरा दिवस तिथे उभे राहिले. हमालांना दहा-बारा खुणा शिकवल्या: थांब, कट्टा फाटला, वजन कमी, जेवण. भोंग्याच्या वायरीवर एक लाल बल्ब जोडून घेतला. भोंगा वाजला की बल्ब लागतो. मशीनवर तळहात ठेवून थरथर कशी ओळखायची, हे मात्र पोरानेच सरांना दाखवलं. आठव्या दिवशी मालकांनी पूर्ण रोज कबूल केला, बाकीच्यांइतकाच.

पोराच्याच बॅचमधल्या एका मुलीला, जिला चालता येत नाही, कापड दुकानात लावलं. तिच्या वेळेस सर दुसऱ्या गावी होते. दुकानाला तीन पायऱ्या, संडास मागच्या वाड्यात. बारा दिवसांत ती घरी. केंद्राच्या भिंतीवर तिचा गळ्यात हार घातलेला फोटो अजून आहे, "नोकरी लागली" म्हणून.

तेव्हा नाव घालायला जाल तर मशीन किती, कॉम्प्युटर किती हे नंतर विचारा. कामावर सोबत कोण येणार आणि किती दिवस, हे आधी विचारा. डबा घरूनच न्या.

मागच्या आठवड्यात तो लाल बल्ब उडाला. मालकांनी त्याच दिवशी नवा आणून लावला. मी पगाराच्या दिवशी मोजून पाहिलं, पैसे कापले नव्हते.