ऑनलाइन एड्स मेमोरियल क्विल्ट: फुकट आहे, पण वेळ काढूनच बघा

एड्सने गेलेल्या माणसांच्या नावाने अमेरिकेत जी प्रचंड गोधडी शिवली गेली ना, ती आता अख्खी ऑनलाइन बघता येते. पैसे लागत नाहीत. नाव टाकून सर्च करा, नाहीतर नुसतं झूम करत आत शिरा. माझ्याकडून पाचपैकी पाच.

झूम हीच यातली खरी कमाल आहे. लांबून नुसते रंगीत ठिपके दिसतात, मग १२ बाय १२ फुटांचे ब्लॉक, मग त्यातलं एकेक पॅनेल, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने शिवलेला कापडाचा तुकडा, ३ बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढं, आणि हे माप मुद्दाम ठरवलेलं आहे. अजून जवळ गेलं की टाके दिसायला लागतात. कोणाची जीन्स लावलीये, कुठे टेडी बेअर, कारच्या किल्ल्या, लग्नाची अंगठी, काहींमध्ये तर चक्क अस्थींची राख. शिवणारे कोण, तर आई, पार्टनर, मित्र. कित्येकांचा शिवणकामाशी काही संबंध नव्हता हे अक्षरांवरूनच कळतं, वाकडीतिकडी कापलेली, शेवटची दोन दाटीवाटीने बसवलेली, आणि मला तीच पॅनेल जास्त भिडली.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोची. नोव्हेंबर १९८५ च्या एका मोर्चात तिथले समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांनी लोकांना एड्सने गेलेल्या आपल्या माणसांची नावं पाट्यांवर लिहायला सांगितली, त्या पाट्या फेडरल बिल्डिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कचेरीच्या, भिंतीवर चिकटवल्या आणि ती भिंत बघून त्यांना गोधडी सुचली. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, म्हणजे संसदेसमोरच्या मोकळ्या मैदानावर, ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० पॅनेल होती. आज साधारण ५०,००० आहेत. या आजाराचा पहिला रिपोर्ट जून १९८१ चा आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं एड्सवरचं पहिलं मोठं भाषण थेट मे १९८७ चं, मधली ही सहा वर्षं डोक्यात ठेवून बघा म्हणजे लोकांनी ती सरकारच्या दारात नेऊन का पसरली ते समजतं. माझ्या मते हे स्मारक जेवढं आहे तेवढाच मोर्चाही आहे.

पूर्ण नाव टाकून सापडलं नाही तर लगेच बंद करू नका. काही पॅनेलवर फक्त पहिलं नाव आहे, काहींवर नुसती आद्याक्षरं, कारण बदनामीच्या भीतीने पूर्ण नाव लिहायचीही चोरी होती. काही फ्युनरल होम अंत्यविधी करायलाच नकार द्यायची, मग कितीतरी जणांसाठी पॅनेल शिवणं हाच काय तो निरोप.

साइट इंग्रजीत आहे पण मुख्य काम बघायचंच आहे, त्यामुळे अडत नाही. शक्यतो मोठ्या स्क्रीनवर बघा, छोट्यावर बारीक भरतकाम निसटतं. आणि शाळा-कॉलेजात एचआयव्हीवर बोलणार असाल तर आकड्यांच्या स्लाइड्स जरा बाजूला ठेवून यातला एक ब्लॉक उघडा, बहुतेक ब्लॉकमध्ये आठ पॅनेल असतात, त्यावरची नावं मोठ्याने वाचा, प्रत्यक्ष प्रदर्शनातही ती अशीच वाचतात.