पोरगं थयथयाट करतंय: लक्ष वळवायचं, टाइम-आउट द्यायचा की जवळ बसायचं?

लिफ्टचं बटण दुसऱ्याने दाबलं, पोळीचा तुकडा मोडला, चप्पल उलटी घातली गेली, एवढ्यावरून दोन-तीन वर्षांचं मूल जमिनीवर लोळण घेतं. आजी म्हणते लक्ष दुसरीकडे वळव, मैत्रीण म्हणते टाइम-आउट दे म्हणजे थोडा वेळ बाजूला बसव, रीलवाले म्हणतात त्याच्याजवळ बसा आणि भावनेला नाव द्या. तिन्ही उपाय खरे आहेत, फक्त प्रत्येकाची वेळ वेगळी आहे आणि आपली गडबड होते ती तिथेच.

धपाटा मी या तुलनेत घेतलेलाच नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मधे स्पष्ट सांगितलंय की मुलांना शिस्त लावायला मारू नका, आणि तसंही मारणाऱ्याकडून "मारायचं नाही" हे मूल शिकणार कसं? बागुलबुवा आणि "पोलीस नेतील" हेपण नको. भीतीने रडणं थांबतं, राग आतच राहतो, आणि उद्या गर्दीत मूल हरवलं तर त्याने पोलिसाकडे जायला हवं ना, त्याला बघून लपायला नको.

लक्ष वळवणं. दीड वर्षाच्या आसपासपर्यंत हाच उपाय सगळ्यात चांगला, आजीचं इथे शंभर टक्के बरोबर आहे. त्या वयात शब्द फार नसतात, मग काऊ दाखवा, खिडकीतून बस दाखवा, पडल्यावर "मुंगी मेली बघ" म्हणा, काही बिघडत नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलाचं दरवेळी असंच केलं तर आपल्याला नक्की काय झालं होतं हे त्याला कळतच नाही. आणि हल्ली लक्ष वळवणं म्हणजे मोबाईल हातात देणं झालंय, मला खरी काळजी त्याची वाटते. 2022 मधे जामा पेडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातला, तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा. मुलाला शांत करायला वरचेवर फोन-टॅब दिला जात होता तिथे पुढे मुलं जास्त लवकर भडकताना दिसली, मुलग्यांमधे हे विशेष दिसलं. इंजेक्शनच्या वेळी किंवा लांबच्या प्रवासात एखाद्या वेळी दिला तर ठीक, पण प्रत्येक रडण्यावर तोच उतारा नको.

टाइम-आउट. याची आपल्याकडे फार मोडतोड झालीय. बाथरूममधे कोंडणं, अंधाऱ्या खोलीत ठेवणं, दार लावून "आता बाहेर येऊ नकोस" म्हणणं, हा टाइम-आउट नाहीच. खरी पद्धत अशी की जिथे मजा किंवा भांडण चाललंय तिथून मुलाला थोडा वेळ बाजूला बसवायचं, आपल्या नजरेसमोर, न ओरडता, आणि वयाच्या एका वर्षाला साधारण एक मिनिट, म्हणजे तीन वर्षांचं मूल तर तीन मिनिटं. नियम आधी सांगितलेला हवा, आणि तोही मारणं, चावणं अशा एक-दोन गोष्टींपुरताच. वेळ संपली की विषय संपला, नंतर अर्धा तास लेक्चर नाही. एवढं पाळलं तर ही पद्धत चांगली चालते. पण मूल रडतंय, घाबरलंय, दमलंय म्हणून टाइम-आउट देऊ नका प्लीज, तेव्हा त्याला आपण हवे असतो.

जवळ बसणं आणि भावनेला नाव देणं. माझं मत याच बाजूने आहे, दोन वर्षांच्या पुढे मुख्य उपाय हाच ठेवा. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात यावर भरपूर काम केलं. सार एवढंच की भावना सगळ्या चालतील, वागणं सगळं चालणार नाही. "तुला बटण दाबायचं होतं, राग आलाय. हो. पण मारायचं नाही." बस, एवढंच बोलायचं, आणि बटण दाबायला परत खाली जायचं नाही.

यात बहुतेक जण अडखळतात ते वेळेवर. थयथयाटात राग सुरुवातीलाच उसळतो आणि उतरतो, त्याच्याखालचं रडू मात्र मागे राहतं. राग टिपेला असताना समजावत बसलात तर मूल आणखी पेटतं, तेव्हा फक्त डोकं आपटणार नाही एवढं बघायचं आणि गप्प बसायचं. रडण्याचा सूर बदलला, ते स्वतः कुशीत यायला लागलं की मग बोलायचं. आणि शब्द शिकवायचे ते एरवी, शांत असताना. गोष्ट वाचताना "हा ससा हिरमुसलाय का वैतागलाय?" विचारा, स्वतःचं पण सांगा, "आई आज दमलीये म्हणून चिडचिड होतेय". "मुलीसारखा रडतोस काय" हे मात्र घरातून कायमचं जाऊ दे, आजोबांना पण प्रेमाने सांगा.

याला वेळ लागतो, आणि आपलं डोकं आधी थंड लागतं, हे खरंय. सकाळी स्कूल व्हॅन खाली उभी असताना सरळ उचलून घ्या, "राग आलाय, कळलं, आता निघायचंय" म्हणा आणि चला, बाकी संध्याकाळी. दुकानात झालं तर आधी बाहेर या, लोक बघतायत म्हणून चॉकलेट देऊन टाकू नका. घरात आई एक, बाबा दुसरं आणि आजी तिसरं करत असेल तर निदान मारण्या-चावण्याचा नियम सगळ्यांचा सारखा ठेवा, लाड करण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी चालतं.

मूल स्वतःला इजा करून घेत असेल, पाच वर्षांनंतरही थयथयाट रोजचाच असेल, किंवा बोलणं वयाच्या मानाने मागे असेल तर यातला कुठलाच उपाय घरी ताणत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खर्चाची अडचण असेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे लवकर उपचार केंद्राची चौकशी करा, तिथे तपासणी मोफत होते.