प्रोलॉग आठ महिने वापरल्यावर: काय जमलं, कुठे डोकं धरलं

आधीच सांगते, मी रिसर्चवाली नाही. पोटापाण्यासाठी जावा आणि पायथन लिहिते. आठ महिन्यांपूर्वी कामात परवानग्यांचे नियम इतके गुंतले की कोण कुठल्या गटात, तो गट कुठल्या मोठ्या गटाच्या पोटात, त्यातून कुणाला काय उघडता येतं आणि त्यालाही अपवाद कोणते, हे इफ-एल्समध्ये लिहिता लिहिता माझं मलाच कळेनासं झालं. एक सहकारी चेष्टेत म्हणाला, "हे प्रोलॉगचं काम आहे गं." प्रोलॉग म्हणजे तथ्यं आणि नियम लिहून प्रश्न विचारायची, लॉजिक प्रोग्रॅमिंगची भाषा. त्याने चेष्टा केली, मी रात्री बसून इन्स्टॉल केलं. एसडब्ल्यूआय प्रोलॉग, फुकट आहे, यान विलेमाकर यांनी १९८७ मध्ये सुरू केलेलं आणि अजून जोरात चालू आहे.

पहिला आठवडा म्हणजे नुसता हनिमून. अपेंड नावाचं प्रेडिकेट (नियमांनी लिहिलेलं नातं) असतं, दोन याद्या जोडून तिसरी देतं, त्यात काय विशेष, असं वाटतं. मग तुम्ही उलटं विचारता: तिसरी यादी अ, ब, क आहे, पहिल्या दोन कोणत्या? ते एक उत्तर देऊन थांबतं. सेमीकोलन दाबा, दुसरं. परत दाबा, तिसरं. चार उत्तरं येतात, रिकामी आणि पूर्ण धरून, आणि तुम्ही त्यासाठी एक ओळही जास्तीची लिहिलेली नसते. मी त्या रात्री वेड्यासारखी सेमीकोलन दाबत बसले होते. इतकी वर्षं फंक्शन म्हणजे इकडून टाका तिकडून काढा हेच डोक्यात, इथे इकडे-तिकडे असं काही नाहीच, नुसतं नातं आहे.

यामागचं इंजिन म्हणजे युनिफिकेशन, दोन गोष्टी जुळाव्यात म्हणून त्यांतल्या मोकळ्या जागा भरणं, जे अॅलन रॉबिन्सनने रेझोल्यूशन या सिद्धतेच्या पद्धतीसोबत १९६५ मध्ये मांडलं. १९७२ च्या सुमारास मार्सेयला अॅलां कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांनी त्यावर भाषा उभी केली, तीही मुळात माणसांची भाषा मशीनला समजावी म्हणून, आणि तिकडे एडिनबरामध्ये रॉबर्ट कोवाल्स्की हॉर्न क्लॉज ("हे खरं, जर ते ते खरं" अशी वाक्यं) प्रोग्रॅमसारखे कसे वाचायचे ते दाखवत होता. गंमत अशी की हेच युनिफिकेशन तुम्ही रोज वापरताय आणि तुम्हाला पत्ता नाही. हास्केल किंवा ओकॅमलसारखी भाषा तुम्ही न सांगता टाइप, म्हणजे मूल्याचा प्रकार, ओळखते ना, तिथे आत युनिफिकेशनच चालू असतं. मला हे तिसऱ्या महिन्यात कळलं आणि टाइप एररकडे बघायची नजरच बदलली: "हे दोन टाइप जुळत नाहीत" म्हणजे प्रोलॉगचं "फॉल्स", फक्त सभ्य भाषेत.

बरं, आता हनिमून संपतो तिथे येऊ.

परवानग्यांचा नियम मी असा लिहिला: माणूस गटाचा सदस्य आहे, जर तो कुठल्यातरी मधल्या गटाचा सदस्य असेल आणि तो मधला गट या गटात असेल. कागदावर शंभर टक्के बरोबर. रन केलं, पंखा सुरू झाला, आणि थोड्या वेळाने १ जीबीची स्टॅक लिमिट संपली असा मेसेज. कारण उजव्या बाजूला, म्हणजे "जर"नंतर, पहिलंच गोल (सिद्ध करायची अट) परत सदस्यत्वच विचारत होतं, म्हणजे ते स्वतःलाच हाक मारत खाली खाली गेलं, डेटाला हात लावायच्या आधीच. दोन गोल अदलाबदल केली, चाललं. मला हे झेपलंच नाही. लॉजिकमध्ये "अ आणि ब" म्हणजे "ब आणि अ", मग क्रम बदलल्यावर एक प्रोग्रॅम चालतो आणि दुसरा मरतो, हे कसलं लॉजिक?

आणि एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या आठवड्यात परत लटकलं, कारण कुणीतरी एक गट दुसऱ्यात टाकला होता आणि तो दुसरा पहिल्यात. डेटातच चक्र. आता क्रम कसाही लावा, गोल गोल फिरणारच.

कोवाल्स्कीचं १९७९ चं एक प्रसिद्ध समीकरण आहे, अल्गोरिदम म्हणजे लॉजिक अधिक कंट्रोल. जाहिरात सगळीकडे लॉजिकची होते, "काय हवं ते सांगा, कसं ते आम्ही बघू". पण साध्या प्रोलॉगमध्ये कंट्रोल ठरलेलं आहे, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आधी खोलात, अडलं की मागे. म्हणजे "कसं" तुम्हीच सांगताय, फक्त न बोलता, ओळींच्या क्रमातून. हे एकदा डोक्यात बसलं आणि मग इतर भाषांचे पेपर वाचायला मजा यायला लागली, कारण मला दिसायला लागलं की पन्नास वर्षं बहुतेक जण याच एका दुखण्यावर औषध शोधतायत, आणि प्रत्येक औषधाची काहीतरी किंमत आहे.

माझं औषध होतं टेबलिंग. फाइलच्या वर एक ओळ, की या प्रेडिकेटचं टेबल ठेव, बस. आधी विचारलेला प्रश्न परत आला की ते खाली जात नाही, आधीची उत्तरं वापरतं आणि नवीन मिळेपर्यंत थांबतं. माझा पहिला "चुकीचा" नियम जसाच्या तसा चालला, चक्रासकट. ही गोष्ट एक्सएसबी नावाच्या प्रोलॉग सिस्टिममध्ये मुरली आणि मग इतरांनी घेतली. जाता जाता, एक्सएसबीमागचा डेव्हिड एस. वॉरन वेगळा आणि १९८३ मध्ये प्रोलॉगचं अॅब्स्ट्रॅक्ट मशीन (प्रोलॉग चालवायचं कागदावरचं यंत्र) लिहिणारा डेव्हिड एच. डी. वॉरन वेगळा, मी दोन महिने एकच माणूस समजत होते. किंमत म्हणजे मेमरी, आणि त्या नियमांत फाइल लिहिणं वगैरे साइड इफेक्ट असतील तर ते कधी आणि किती वेळा होतील याचा भरवसा नाही.

प्रोलॉगचीच छाटलेली आवृत्ती असलेल्या डेटालॉगने वेगळा सौदा केला: नियमांतून याद्या, झाडं वगैरे नवीन रचना करूच नका, मग मूल्यं मोजकीच राहतात, प्रोग्रॅम थांबतोच, आणि क्रमाने उत्तर बदलत नाही. डेटाबेसवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, एसक्यूएलमध्ये १९९९ पासून रिकर्सिव्ह (स्वतःलाच हाक मारणारी) क्वेरी आहे ती याचीच चुलत बहीण. मेलबर्नच्या मर्क्युरी भाषेने तिसरंच केलं, प्रत्येक प्रेडिकेटचा टाइप सांगा, कुठलं आर्ग्युमेंट आत जातं कुठलं बाहेर येतं ते सांगा, उत्तर एकच येणार की अनेक तेही सांगा, मग कंपायलर स्वतः गोलांचा क्रम लावतो. मी दोन वीकेंड वापरून बघितलं. कंपायलर ओरडतो खूप पण खरं ओरडतो. फक्त ती सेमीकोलनवाली मस्ती राहत नाही, प्रत्येक दिशा आधी जाहीर करावी लागते. मिनीकॅनरेन ही छोटी भाषा स्कीम भाषेच्या आत बसते, शोध सगळ्या फांद्यांवर आळीपाळीने करते, म्हणून एक फांदी अनंत असली तरी बाकीच्यांची उपासमार होत नाही, त्यात इंटरप्रिटर उलटा चालवून स्वतःलाच छापणारे प्रोग्रॅम शोधून काढलेत लोकांनी. करी आणि ओझ या भाषांबद्दल मी फक्त वाचलंय, म्हणून त्यावर मत देत नाही.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे.

कट. उद्गारचिन्ह. याचा अर्थ "इथवर आलो, आता मागे वळायचं नाही". वेग वाढतो म्हणून मी एका प्रेडिकेटमध्ये घातला, टेस्ट पास, सगळे खूश. तीन आठवड्यांनी कुणीतरी तेच उलट्या दिशेने विचारलं, म्हणजे "हा माणूस हे उघडू शकतो का" ऐवजी "हे कोण कोण उघडू शकतं", आणि एकच नाव आलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, गुपचूप एक नाव. परवानग्यांच्या कामात अशी चूक म्हणजे काय हे सांगायला नको.

नकार तर त्याहून बेरकी. प्रोलॉगमध्ये "नाही" म्हणजे "सिद्ध करता आलं नाही", कीथ क्लार्कने १९७८ मध्ये याचा नीट अर्थ लावून दिला. मी विचारलं, ब्लॉक नसलेला आणि यूजर असलेला कोण? उत्तर फॉल्स. यूजर शेकड्यांनी आहेत आणि ब्लॉक एकच! झालं असं की "ब्लॉक नसलेला" हे आधी आलं तेव्हा व्हेरिएबल मोकळा होता, म्हणजे प्रश्न झाला "कुणीच ब्लॉक नाही ना?", आणि एकजण होता. यूजरवालं आधी टाकलं, यादी सुरळीत आली. परत तोच क्रम, बघा.

गणिताचंही तेच. आकडेमोड करणाऱ्या साध्या "इज"ने उलटं विचारलं की "आर्ग्युमेंट्स आर नॉट सफिशियंटली इन्स्टॅन्शिएटेड" (मूल्यं अजून पुरेशी भरलेली नाहीत) हे वाक्य तोंडावर फेकतं, मला ते आता पाठ आहे. यावरचा उपाय म्हणजे कन्स्ट्रेंट, म्हणजे मूल्यांवरच्या अटी आधी मांडून ठेवणं, आणि मला विचाराल तर नवशिक्यांनी "इज" शिकूच नये, थेट हे घ्यावं. जाफर आणि लासे यांनी १९८७ मध्ये कन्स्ट्रेंट आणि लॉजिक प्रोग्रॅमिंग एकत्र कसं बांधायचं ते मांडलं. ते जुनं कोडं घ्या, सेंड अधिक मोअर बरोबर मनी, प्रत्येक अक्षर वेगळा अंक. मी फक्त अटी लिहिल्या, शोध सुरूच केला नाही, तरी त्याने एस ९, एम १, ओ ० हे आधीच ठरवून टाकलं आणि ई ४ ते ७ च्या मध्ये आणून ठेवला. मग शोध म्हटल्यावर ९५६७ अधिक १०८५, १०६५२. इथे मात्र जाहिरात खरी ठरते: "काय" सांगितलं, "कसं" बऱ्यापैकी त्याने बघितलं. सपोर्ट टीमच्या शिफ्ट मी आता यातच लावते.

बाकी रोजच्या वापरात: व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं तर तो नवीन व्हेरिएबल होतो, त्यामुळे सिंगलटनची (एकदाच आलेल्या व्हेरिएबलची) वॉर्निंग कधीही दुर्लक्षित करू नका. उत्तर नुसतं "फॉल्स" आलं की का ते शोधायला ट्रेस लावून एकेक पायरी उतरावी लागते. टीममध्ये दुसरं कुणी वाचू शकत नाही ही सगळ्यात मोठी अडचण. अपवाद एकच, आमच्याकडचा अर्लांग भाषा लिहिणारा पहिल्याच दिवशी म्हणाला की हे ओळखीचं दिसतंय, मोठ्या अक्षराचे व्हेरिएबल, शेवटी पूर्णविराम. दिसणारच, अर्लांगचा पहिला इंटरप्रिटर प्रोलॉगमध्येच लिहिला होता. पण त्याचं पॅटर्न मॅचिंग एकाच बाजूने चालतं, आमचं दोन्हीकडून, यावर आमचा चहाच्या वेळी वाद होतो.

जपानने १९८२ मध्ये आख्खा पाचव्या पिढीचा कॉम्प्युटर प्रकल्प लॉजिक प्रोग्रॅमिंगवर उभा केला होता आणि तो अपेक्षेइतका चालला नाही, म्हणून "प्रोलॉग मेलं" असं ऐकवणारे भेटतात. मी त्यांना काही म्हणत नाही.

सध्याची स्थिती अशी की वेब, लॉगिन, डेटाबेस सगळं पायथनमध्येच आहे आणि ते तिथेच राहणार. फक्त नियमांची फाइल प्रोलॉगमध्ये, जमेल तितकी डेटालॉगच्या शिस्तीत, टेबलिंग लावून, आणि प्रत्येक नियमाची टेस्ट दोन्ही दिशांनी. इफ-एल्सचं जे हजारभर ओळींचं प्रकरण होतं ते दीडशेच्या आत आलंय. त्यात कट आता दोनच उरलेत. एक का आहे ते मला माहीत आहे, दुसरा काढला की टेस्ट लटकते.