डॉक्टर हूच्या जुन्या डीव्हीड्या: वर्षभर बघितल्यावर

परवा इथे बडोद्यात सर्व्हिस सेंटरवर भांडून आले म्हणून 'डॉक्टर हू' या इंग्लंडच्या विज्ञानमालिकेवर हे लिहायला मुहूर्त लागला. प्लेअरचा ट्रे अडकत होता, दुखणं एवढंच. चारशे रुपये घेऊन ट्रे सोडवून दिला आणि घरी येऊन डिस्क घालते तर टीव्हीवर 'रीजन एरर'. परत गेले. तिथला मुलगा डिस्क उजेडात धरून म्हणतो, "बेन, प्लेअर तो बराबर छे, तमारी डिस्क ज खराब छे." ज्या डिस्कवर आदल्याच आठवड्यात सायबरमेन, म्हणजे मालिकेतले यंत्रमानव, लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या पायऱ्या उतरले, ती म्हणे खराब! डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग, म्हणजे रीजन, पाडलेत आणि एकाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही: इंग्लंडच्या डीव्हीड्या रीजन 2 च्या असतात, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे. माझा प्लेअर घेतानाच सगळ्या रीजनसाठी उघडून घेतला होता, यांनी दुरुस्ती करताना रीसेट मारला. हे त्याला गुजरातीत, हिंदीत आणि पारा चढल्यावर मराठीत सांगून झालं. शेवटी रावपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककाकांनी ट्रे उघडा ठेवून रिमोटवरचे काही आकडे दाबले आणि काम झालं. पैसे घेईनात, म्हणून लिलो चिवडा देऊन आले.

लॅपटॉपवर बघा असं कोणी सुचवायच्या आत सांगते: कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो आहे तिथेच कायमचा चिकटतो. असला नियम ज्याने काढला त्याला आमच्या दांडिया बाजारात एक दिवस पार्किंग शोधायला लावावं.

डीव्हीड्या नणंदेच्या कृपेने आल्या. ती इंग्लंडात लेस्टरला असते. तिथे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणारी दुकानं असतात, त्यात या पौंड-दीड पौंडाला मिळतात. त्याआधी मी 2005 पासूनचे नवे भाग एका अ‍ॅपवर बघत होते. पीटर कपाल्डी या नटाचा डॉक्टर ऐन रंगात आला आणि एका सकाळी मालिकाच गायब. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले, विचारलं तर उत्तर आलं की हक्कांची मुदत संपली. तेव्हापासून जे कपाटात ठेवून कुलूप लावता येतं तेच आपलं, असं ठरवलं.

मालिका काय आहे ते एका ओळीत: डॉक्टर नावाचा परग्रहावरचा माणूस टार्डिस नावाच्या यानात, म्हणजे पोलिसांच्या निळ्या पेटीत, बसून काळात आणि विश्वात फिरतो. पहिला भाग लागला 23 नोव्हेंबर 1963 ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. लोकांचं लक्ष बातम्यांत, म्हणून पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्ताविशीची, दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेला आणि पंचविशीच्या आतला. पहिला भाग आजही अंगावर काटा आणतो. पुढचे तीन मात्र गुहेतल्या माणसांचं विस्तवावरून भांडण. पळवून बघा, काही बिघडत नाही.

आता मुख्य तक्रार. माल अपुरा आहे! 1969 पर्यंतच्या कृष्णधवल भागांपैकी नव्वदहून जास्त भाग खुद्द बीबीसीकडे नाहीत. व्हिडिओ टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या. काटकसर मला कळते, आमच्याकडे दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ठेवल्या जातात. पण परदेशी विकायला काढलेल्या फिल्मच्या प्रतीसुद्धा, आता रंगीतच्या जमान्यात हे कोण घेणार म्हणून, टाकून दिल्या. ही काटकसर नव्हे, हा उकिरडा. त्यातल्या काही प्रती बाहेरच्या देशांत पडून राहिल्या म्हणून वाचल्या. 2013 मध्ये नायजेरियातून नऊ भाग परत मिळाले ते असेच.

गिऱ्हाइकाच्या हाती काय येतं? 'द इन्व्हेजन' ही 1968 ची आठ भागांची गोष्ट, त्यातला पहिला आणि चौथा भाग हरवलेला. त्या जागी कार्टून! मी पहिल्यांदा लावली तेव्हा पहिलाच भाग चित्रांचा बघून वाटलं नणंदबाईंनी पोरांची डिस्क उचलून आणली. माणसं फक्त ओठ हलवतात, भुवया उडवतात, चालायची वेळ आली की कमरेपासून खाली काही दिसतच नाही. मी तेव्हाच मनात दोन तारे कापून टाकले होते.

मग पावसाळ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांना ताण नको, म्हणून त्या टीव्हीकडे पाठ करून बसायच्या आणि मी भाजी निवडता निवडता डिस्क लावायचे. इंग्रजी त्यांना जेमतेम. पण चौथ्या भागात मागे न बघता म्हणाल्या, "हा तोच ना, गोड बोलून गळा कापणारा?" तोच होता, गोष्टीतला खलनायक. आवाजावरून ओळखला. आणि आवाज कार्टूनसाठी नव्याने केलेला नाही, 1968 च्या नटांचाच आहे. चित्रं गेली, पण घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भाग ध्वनिमुद्रित केले होते. त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. एकही सुटलेला नाही. कोणा शाळकरी पोराने आईला "बोलू नको" म्हणत बटण दाबलं असेल, त्यावर आज ही डिस्क उभी आहे. आता मी हे भाग नभोनाट्यासारखे ऐकते, पडद्याकडे बघतही नाही. कापलेले दोन्ही तारे परत.

'द टेंथ प्लॅनेट'चा शेवटचा भाग मात्र अजून टोचतो. 1966 चा, ज्यात विल्यम हार्टनेलचा डॉक्टर पहिल्यांदा बदलून पॅट्रिक ट्रॉटन होतो. साठ वर्षं मालिका ज्या एका युक्तीवर चालली, नट थकला तरी डॉक्टर थकत नाही, ती जिथे जन्मली तोच भाग नेमका नाही. जमिनीवर पडलेला म्हातारा, चेहऱ्यावर पांढरा झोत, आणि त्यातून निघालेला दुसराच माणूस, एवढे काही सेकंद उरलेत. तेही मुलांच्या एका दुसऱ्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता म्हणून. हे आमच्या ह्यांना मी इतक्या वेळा सांगितलंय की आता हार्टनेल दिसला की ते उठून चहा ठेवायला जातात. एवढा फायदा आहेच.

बाकी डॉक्टरवर माझा जीव का, तर तो बंदूक न उचलता, बोलून बोलून समोरच्याला बेजार करून सुटतो. आणि त्याची टार्डिस 1963 पासून नादुरुस्त आहे. जिथे उतरेल तिथलं रूप घेण्याचं तिचं यंत्र बिघडलंय, म्हणून कुठल्याही ग्रहावर गेली तरी पोलिसांची निळी पेटीच. हाकताही धड येत नव्हती. दोन बिचारे मास्तर-मास्तरीण घरी सोडतो सोडतो म्हणून दोन वर्षं विश्वभर फिरवले, शेवटी 1965 मध्ये ते डॉक्टरच्या शत्रूंच्या, डालेकांच्या, कालयंत्रात बसून आपले आपण घरी गेले. तिचा तो घरघर आवाजसुद्धा पियानोच्या तारांवर किल्ली घासून काढलेला. माझ्या प्लेअरच्या ट्रेचा आवाज अगदी त्याच जातीचा होता, सर्व्हिसवाल्याला तेवढाच खटकला.

किरकोळ: सबटायटल्स फक्त इंग्रजीत. सेट डगमगतात, भिंत हलते, त्याची सवय होते. एका बैठकीत चार भाग बघू नका. भाग पंचवीस मिनिटांचे आहेत, आठवड्याला एक दाखवायचे म्हणून लिहिलेले. ओळीने बघितले तर प्रत्येक भागात तेच पकडणं, तेच सुटणं दिसायला लागतं. जेवणानंतर एक, बस.

घ्यायच्या असतील तर 'द इन्व्हेजन'पासून सुरुवात करा, पहिल्या भागाला घाबरू नका. प्लेअर नवा घेऊ नका, जुना चांगला असेल तर तोच रीजन उघडून घ्या, आणि दुरुस्तीला टाकताना पावतीवर 'रीसेट करू नये' असं लिहून त्यावर सही घ्या. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, नणंद येतेय. तिला 1970 पासूनच्या रंगीत भागांची, जॉन पर्टवीच्या वेळची, यादी पाठवलीय. ते एकूण एक शाबूत आहेत म्हणतात, त्यामुळे तक्रारीला नवीन जागा शोधावी लागेल.